बकरम, बादली आणि साहेबाची टोपी

सोलापुरात गणवेश शिवणाऱ्यांची कमतरता नाही. गिरण्या बंद पडल्या, मागांची खडखड कमी झाली, तरी शर्ट, पँट, स्कर्ट, ट्रॅकसूट यांनी बऱ्याच घरांच्या चुली पेटत्या ठेवल्या. 2017 साली शहरात गणवेशाचं मोठं प्रदर्शन भरलं आणि बाहेरगावचे व्यापारी माल बघायला आले. या सगळ्या धंद्यात टोपीला मात्र जागा नाही. बहुतेक शाळांच्या गणवेशातून ती गेलीच, आणि जिथे राहिली तिथे मऊ, मशीनखालून सरळ निघणारी राहिली. पुढे छज्जा, वर पसरट टॉप, मध्ये ताठ पट्टा अशी फौजी टोपी घरात शिवणारं माणूस हवं असेल तर होटगीलाच यावं लागतं, असं मी म्हणणार नाही. पण लोक येतात खरे.

मी मूळची कॉलरवाली. सोलापूरहून निघालेली गाडी होटगीत आली की एक फाटा वाडीकडे जातो आणि दुसरा विजयपूरवरून गदगकडे. त्या स्टेशनच्या गावात माझं घर. शहरातल्या कारखान्यातून कापलेल्या कॉलरींचे गठ्ठे वडापच्या जीपमधून यायचे, शिवून झाले की तसेच परत जायचे. शर्टाचं बाकी काम कुणीही करो, कॉलर आणि कॉलरपट्टी मात्र ठरावीक बायकांकडेच जायची. त्यात बकरम असतं. बकरम म्हणजे कापडाला ताठपणा देणारं आतलं कडक अस्तर. ते कापडापेक्षा सूतभर लहान कापावं लागतं, नाहीतर कडेला गोळा होतो. टोकाला माया, म्हणजे शिवणीबाहेरचं जादा कापड, छाटावी लागते, नाहीतर उलटवल्यावर टोक बोथट येतं. पीस रेटवर कॉलर शिवताना हे कुणी शिकवत नाही. परत आलेले पीस शिकवतात.

एकदा जवळच्या एका शाळेतल्या सरांनी बँडपथकाची जुनी टोपी आणून टेबलावर ठेवली. अशाच आणखी हव्यात, म्हणाले. बाजारातल्या टोप्या त्यांनी आदल्या वर्षी घेतल्या होत्या. पंधरा ऑगस्टला झेंडावंदनाच्या वेळी पाऊस आला आणि टोप्यांच्या छज्जांचा लगदा झाला. आत पुठ्ठा होता. ढोल वाजवणाऱ्या मुलांच्या नाकावर काळं रेग्झिन लोंबत होतं, हे सांगताना सरांना हसू आवरेना. ही जुनी टोपी मात्र तशीच ताठ राहिली होती.

मी ती मागून घेतली आणि रात्री उसवली. माझं टोपीचं शिक्षण एवढंच. आधी आतली कपाळपट्टी निघाली. घाम टिपायला असते ती, चांगल्या टोपीत चामड्याची आणि साध्या टोपीत रेग्झिनची. मग अस्तर. मग बाहेरचा पट्टा, त्याच्या आत दोन थरांचं बकरम, एकमेकांवर उभ्या-आडव्या टिपा मारून एकजीव केलेलं. पट्ट्याच्या वर चार तुकडे, खाली अरुंद आणि वर रुंद. त्यांच्यावर लांबट गोल टॉप. टॉपच्या शिवणीच्या आत कडेने फिरवलेली एक तार. ती तार निघाल्याबरोबर सगळा रुबाब पिशवीसारखा खाली बसला.

मी प्रत्येक तुकडा इस्त्रीखाली सपाट केला, वर्तमानपत्रावर ठेवून कडा आखल्या आणि कुठे किती माया सोडली होती ते लिहून ठेवलं. ते कागद अजून आहेत. त्यांच्या जागी पुठ्ठ्याचे फर्मे आले, पण शंका आली की मी कागदच काढते.

शाळेत गणिताशी माझं फारसं जमलं नव्हतं. टोपीत मात्र ते सोपं निघालं, कारण डोकंच सोयीचं आहे. मोठ्या माणसाच्या डोक्याचा घेर साधारण 22 इंच असतो. गोलाचा घेर भागिले बावीस-सप्तमांश केलं की आडवं माप येतं सात इंच. म्हणजे पट्टा 22 चा आणि त्याच्या मधलं भोक सातचं. वरचा टॉप दहा इंच रुंद ठेवायचा असेल तर त्याचा घेर साडेएकतीसच्या आत-बाहेर येतो. हा साडेएकतीस आणि खालचा बावीस यांच्यातला फरक भरून काढायचं काम त्या चार तुकड्यांचं. प्रत्येकाची खालची कड साडेपाच, वरची आठच्या जरा आत, आणि दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच माया. या कडा सरळ ठेवल्या की टॉप लाटा मारतो. त्यांना हलकी कमान द्यावी लागते. चोळीची कटोरी कापणारी कुठलीही बाई ही कमान हाताने काढू शकते, पट्टी लागत नाही.

पण डोकं गोल नसतं. पुढून मागे लांब, कानाकडे चपटं. म्हणून टॉपही लांबट ठेवते. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे जाडी. पट्टा, त्यातलं बकरम, अस्तर, कपाळपट्टी मिळून तीन मिलिमीटर जाडी झाली की आतला घेर जवळजवळ पाऊण इंच कमी होतो. बाहेरून मोजलेली बावीसची टोपी बावीसच्या डोक्यात जाणारच नाही. ब्लाउजला ही अडचण येत नाही, कापड अंगाला चिकटून राहतं. टोपी स्वतःच्या पायावर उभी असते आणि आपण तिच्या आत शिरतो. म्हणून मी जाड मालासाठी माप घेताना टेपखाली दोन बोटं ठेवते.

आता छज्जा. सगळ्यात जास्त झगडा त्याच्याशीच झाला. पुठ्ठा बाद, हे पावसाने सांगितलंच होतं. पत्रा जड होतो आणि कपाळाला कापू शकतो, लहान मुलांच्या टोपीत तो मी कधीच घालत नाही. फाइलचं प्लास्टिक पातळ, दुपारच्या उन्हात मऊ पडतं, आणि सोलापूरचं ऊन तुम्हाला माहीत आहे. शेवटी रंगाची रिकामी बादली कामाला आली. तिच्या भिंतीला आधीच बाक असतो. त्या बाकाच्या दिशेने छज्जा कापला की तो वाकवावा लागत नाही. रंगकाम करणारे आता आपणहून बादल्या आणून देतात.

बादली मिळाली तरी आकार उरतोच. छज्जाची आतली कड म्हणजे जी पट्ट्याला शिवली जाते ती. ती डोक्याच्या गोलाईइतकीच वळवली तर छज्जा फळीसारखा आडवा पुढे येतो. क्रिकेटच्या पंचाला शोभेल, साहेबाला नाही. हीच कमान जितकी उथळ कापाल तितका छज्जा खाली उतरतो. पार सरळ कापलात तर डोळ्यांवर दार लावल्यासारखा लटकतो. या दोन टोकांमधली जागा सापडायला बादल्या खर्ची पडल्या. आमच्या शेजारी एक निवृत्त हवालदार राहत. अंगणात खुर्ची टाकून बसलेले असत. त्यांच्या डोक्यावर मी एकेक नमुना ठेवून बघायची. छज्जाची कड भुवईच्या वर दोन बोटं आली की ते मान हलवत, नाहीतर काही न बोलता टोपी काढून हातात देत. त्यांच्याइतका कमी शब्दांत नापास करणारा परीक्षक मला भेटला नाही.

छज्जा पट्ट्याला जोडायला माझं पायडलचं मशीन चालत नाही. अठरा नंबरची सुई घातली तरी प्लास्टिक आणि बकरमच्या वळणावर ती मोडते आणि तुकडा उडतो. चप्पल-बूट शिवणाऱ्या एका दादांकडे मी ते काम घेऊन गेले. त्यांनी आरीने आधी भोकं पाडायची, मग मेण लावलेला दोरा दोन सुयांनी दोन्ही बाजूंनी ओढायचा, अशी शिलाई दाखवली. या शिलाईत एक टाका तुटला तरी शेजारचा धरून ठेवतो. मी पैसे देऊ केले तर म्हणाले, ‘‘ताई, छज्जांचं काम माझ्याकडं देत जा, शिकवायचे नकोत.’’ मोठ्या ऑर्डरीचे छज्जे पुढची कित्येक वर्षं त्यांच्याकडेच जात. लहानसहान मी अंगुस्तान घालून घरी करते.

टॉपच्या कडेच्या तारेचंही असंच. लोखंडी तार गंजते, पांढऱ्या टॉपवर तांबडे डाग उमटतात आणि टोकं कापडातून बाहेर येतात. कापडाच्या गाठी ज्या प्लास्टिकच्या पट्टीने बांधून येतात, ती पॅकिंगची पट्टी मी वापरते. सोलापुरात ती फुकट मिळते. दोन टोकं एकावर एक चढवून टेपने गुंडाळायची आणि तो जोड नेहमी मागे ठेवायचा. पुढे आला तर फोटोत टोपी चेंगरल्यासारखी दिसते.

बँडच्या टोप्यांनी हात बसला, पण माझ्याकडे लोक येऊ लागले ते नाटकांमुळे. सोलापूर जिल्ह्यातल्या शाळांत जानेवारीत मार्शल लॉचं नाटक बसवतात. मे 1930 मध्ये सोलापुरात मार्शल लॉ लागला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी दिलं. चार हुतात्मा चौकातून जाणाऱ्या प्रत्येक मुलाला ही नावं पाठ असतात. नाटकात दोनच प्रकारच्या टोप्या लागतात. गोऱ्या साहेबाची आणि गांधी टोपी. गांधी टोपीला ना बकरम, ना तार, ना छज्जा. दुपारभरात ढीगभर होतात, घडी घालून खिशात राहतात. साहेबाची टोपी कापायला, शिवायला, सुकवायला दिवस जातात. आणि तालमीत बघावं तर सगळ्या पोरांना व्हायचं असतं साहेब. एका शाळेत बाईंनी तोडगा काढला होता. जो मुलगा हुतात्म्याचं काम करेल, त्याला नाटक संपल्यावर साहेबाची टोपी घालून फोटो काढायला मिळेल. त्या वर्षी हुतात्म्यांसाठी रांग लागली.

त्या बाईंनीच मला एक प्रश्न विचारला होता, साहेबाची टोपी थोडी विनोदी करता येईल का? छज्जा मोठा, टॉप फुगीर, म्हणजे पोरं हसतील. मी केली. पण नाटकात ती चालली नाही. गोळीबाराच्या प्रसंगातही प्रेक्षक हसायला लागले, आणि पुढच्या प्रयोगाला बाई साधी टोपी मागायला आल्या. तेव्हापासून नाटकाची टोपी शिवायच्या आधी मी नाटक काय आहे ते विचारून घेते.

सुभाषबाबूंची टोपी वेगळी. आझाद हिंद सेनेची ती दुमडीची टोपी, दोन बाजूंना कडा वर वळवलेल्या, पुढे बटणं. फोटोत ती ताठ दिसते म्हणून पालक कडक करून मागतात. मी पातळ बकरम फक्त वळवलेल्या कडेत घालते. आख्खी टोपी कडक केली तर ती डोक्यावर बसत नाही, होडीसारखी तरंगते. खाकीचा रंगही पाहावा लागतो. बाजारात खाकीच्या नावाखाली पिवळट, हिरवट, बिस्किटी असं काहीही देतात. स्टेजच्या दिव्याखाली हिरवट खाकी काळपट दिसते.

2023 च्या डिसेंबरमध्ये फील्ड मार्शल माणेकशॉंवरचा ‘सॅम बहादुर’ सिनेमा आला आणि पुढच्याच प्रजासत्ताक दिनाला माझ्या दारात माणेकशॉ उभे राहू लागले. वय वर्षं पाच ते दहा, मिशा पेन्सिलीच्या. गुरखा पलटणीची ती तिरपी, रुंद काठाची हॅट खरी असते ती फेल्टची. तसलं फेल्ट मला इथे मिळत नाही. हस्तकलेच्या दुकानात मिळतं ते पातळ आणि लुळं. आमच्या घरात सासऱ्यांनी गिरणीत काम केलेलं, त्यामुळे खळ हा शब्द घरात रोजचा होता. सुताला खळ लावून ताणा ताठ करतात, मग फेल्टला का नाही? साबुदाण्याची घट्ट खळ करून दोन थर एकत्र चिकटवले, ओले असतानाच पालथ्या पातेल्यावर ओढून बसवले, भोवती नाडी आवळली, काठ ताटावर पसरून एका बाजूने वीट ठेवून उचलला आणि उन्हात सोडलं. संध्याकाळी हॅट पातेल्यावरून निघाली तेव्हा वाजवली तर आवाज येत होता. एकच सांगते, ही हॅट घालून पावसात जाता येत नाही आणि ती घरात ठेवली तर मुंग्या येतात. खळीत थोडा मोरचूद घालतात असं कुणी सुचवलं. ते विष आहे. मुलांच्या डोक्यावर जाणाऱ्या वस्तूत मी ते घालणार नाही, मुंग्या परवडल्या.

एक काम मात्र मी घेत नाही. टोपीवर तीन सिंहांचं चिन्ह. राजचिन्हाचा गैरवापर रोखणारा 2005 चा कायदा आहे. शिवाय आपण सैनिक आहोत असं लोकांना वाटावं या इराद्याने सैनिकाचा वेश घालणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 168 प्रमाणे गुन्हा आहे. पूर्वी हेच भारतीय दंड संहितेच्या कलम 140 मध्ये होतं. 2016 च्या जानेवारीत पठाणकोटचा हल्ला झाल्यानंतर लष्करानेच नागरिकांना फौजी नमुन्याचे कपडे वापरू नका आणि दुकानदारांना विकू नका असं आवाहन केलं. शाळेच्या स्टेजवरच्या सात वर्षांच्या मुलाला कुणी पकडणार नाही, हे मलाही कळतं. पण टोपी स्टेजवरून घरी जाते, घरातून मोठ्या भावाकडे जाते. म्हणून मी जरीचा साधा तारा करते, नाहीतर पितळी बटण लावते. नव्या फौजी ठिपक्यांचं कापडही घेत नाही.

यावरून एका मुलाशी माझं वाजलं होतं. पहाटे रस्त्यावर धावणारी, भरतीची तयारी करणारी पोरं आमच्या भागात पुष्कळ. त्यातलाच एक. ‘‘अक्का, हुबेहूब पाहिजे, खर्च किती पण होऊ दे.’’ कशाला, तर फोटो काढून लावायचा. गावात मुलगी बघायला जायचं होतं. मी नाही म्हटलं. तो म्हणाला, दोन महिन्यांत खरीच मिळणार आहे. मग दोन महिने थांब, मी म्हटलं. तो रागाने गेला. पुढे त्याची निवड झाली की नाही मला कळलं नाही, पण त्याची आई नंतर बरेच दिवस माझ्याकडे ब्लाउज टाकत नव्हती.

पैशाचं उघड बोलते. बाजारात तयार टोपी स्वस्त मिळते आणि एका दिवसासाठी ती वाईट नसते. माझ्या टोपीत सामान कमी किमतीचं, वेळच महागाचा. गिऱ्हाइकाला बादली आणि पॅकिंगची पट्टी दिसली की ते म्हणतं, यात काय एवढं. एका संस्थेने पथकाच्या टोप्या नेल्या आणि पैसे द्यायला पुढचं शैक्षणिक वर्ष उजाडलं. 2020 च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि कॉलरीही थांबल्या, टोप्याही. तेव्हा मास्क शिवले आणि फडताळात पडून राहिलेल्या टोप्यांकडे बघत बसले. त्या बघण्यातून भाड्याची कल्पना निघाली. शाळा सुरू झाल्यावर विकण्यापेक्षा भाड्याने देणं मला जास्त परवडलं. पालकांनाही तेच हवं असतं, एका भाषणासाठी टोपी जन्मभर सांभाळायची कुणाला हौस आहे?

भाड्याच्या टोपीची रचना मात्र बदलावी लागते. पट्टा मागे दोन बोटं उघडा ठेवून तिथे इलॅस्टिक घालते. कपाळपट्टी शिवून टाकत नाही, नाड्यांनी बांधते, कारण प्रत्येक मुलागणिक ती बदलते. बोलायला बरं वाटत नाही, पण उवा ही या धंद्यातली खरी गोष्ट आहे. टोपी परत आली की अस्तर उकळत्या पाण्यात आणि बाकीचा सांगाडा कडक उन्हात दोन दिवस. हनुवटीखालच्या चिनस्ट्रॅपच्या रेग्झिनवर मुलं दात लावतात, तो भाग वेगळा.

जानेवारी हा माझी कंबर मोडणारा महिना. बारा तारखेची नाटकं, संक्रांतीला सिद्धेश्वरांची यात्रा, त्यासाठी पांढऱ्या बाराबंद्या शिवायच्या, आणि पाठोपाठ सव्वीस जानेवारी. सगळे फोनवर फोटो पाठवतात. टोपीचा फोटो पुढून, बाजूने, सिनेमातला, पुस्तकातला. डोकं मात्र कुणी पाठवत नाही. माप विचारलं तर वय सांगतात. सहा वर्षांच्या दोन मुलांच्या डोक्यात दीड इंचाचा फरक मी पाहिला आहे. सुतळीने माप घेऊन पाठवतात, आणि सुतळी ताणली की वाढते.

तर वाचणाऱ्यांपैकी कुणाला जानेवारीसाठी टोपी हवी असेल, त्यांनी दिवाळीची सुट्टी संपली की लगेच यावं आणि मूल सोबत आणावं. केस कापायचे असतील तर आधी कापून आणा. सिंह मागू नका. भाड्याने नेलेली टोपी सत्तावीस तारखेला परत करा. पुढच्या शाळेचा साहेब तिच्यासाठी थांबलेला असतो.